शिंबोर्स्का: एक सही आणि दोन साधे शब्द

मागे एका भागात मी विस्वावा शिंबोर्स्काच्या मांजरावरच्या कवितेबद्दल ओझरतं बोलले होते. त्यावर एका श्रोत्यांचं पत्र आलं. म्हणाले, ‘ताई, या बाईंनी स्टालिनच्या काळात काय केलं होतं ते माहीत आहे ना तुम्हाला?’ माहीत आहे. पण त्या दिवशी मी ते सांगितलं नाही, टाळलंच म्हणा ना. म्हणून आजचा भाग.

आधी नावाचं सांगते. इंग्रजी स्पेलिंग बघून मी कित्येक वर्षं ‘विस्लावा’ म्हणत होते. पोलिशमध्ये त्या अक्षरावर एक आडवी रेघ असते आणि त्याचा उच्चार ‘व’सारखा होतो, हे फार उशिरा कळलं.

तर जन्म २ जुलै १९२३चा, पोझनानजवळच्या कुर्निकचा. वडील एका सरदाराच्या इस्टेटीचे कारभारी. पुढे कुटुंब क्राकुफला आलं आणि बाई आयुष्यभर त्याच गावात राहिली. सोळाव्या वर्षी युद्ध. जर्मनांनी शाळा बंद केल्या, तेव्हा ती चोरून चालणाऱ्या वर्गांत शिकली. वेठबिगारीला जर्मनीत धाडू नये म्हणून रेल्वेत नोकरी केली. युद्ध संपता संपता, मार्च १९४५मध्ये, पहिली कविता छापून आली.

आता ते पत्र. सगळा देश मोडून पडलेला, आणि नवी राजवट सांगतेय की आम्ही न्यायाचं जग उभारतोय. हिनं विश्वास ठेवला. १९५२मध्ये पहिला संग्रह आला, त्यात लेनिनची स्तुती आहे. आणि मग १९५३. क्राकुफच्या चर्चमधल्या काही धर्मगुरूंवर हेरगिरीचा बनावट खटला चालला, तिघांना फाशी सुनावली गेली. शहरातल्या ५३ लेखकांनी त्या आरोपींचा धिक्कार करणारं निवेदन काढलं. त्यावर हिची सही आहे. फाशी पुढे अमलात आली नाही, पण सही करताना हे कोणाला ठाऊक होतं?

ती तरुण होती, काळच तसा होता, हे सगळं म्हणता येतं. मी म्हणणार नाही. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती, लहान पोर नव्हती. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. पहिल्या दोन संग्रहांना तिनं नंतरच्या निवडक कवितांत जवळपास जागाच दिली नाही. पण आपण तेव्हा मनापासून विश्वास ठेवला होता, हे मात्र तिनं कधी नाकारलं नाही. जबरदस्तीनं लिहून घेतलं असं म्हणून सुटता आलं असतं की! १९६६मध्ये तत्त्वज्ञ कोवाकोव्स्कींना पक्षातून काढलं, तेव्हा तिनंही पक्ष सोडला. १९७५मध्ये राज्यघटनेतल्या बदलांविरुद्ध ५९ जणांचं पत्र निघालं, त्यावरही तिची सही आहे. म्हणजे आयुष्यात सह्या दोन्ही प्रकारच्या.

एका साप्ताहिकात ती वर्षानुवर्षं नोकरी करत होती. तिथं नवोदितांच्या कवितांना निनावी उत्तरं द्यायचं काम होतं. ती उत्तरं वाचाच, इतकी खट्याळ आहेत! साहित्यसंमेलनात कविता घेऊन मागे लागणाऱ्यांना वाटावीत अशी. शिवाय एक सदर होतं, त्यात ती थोर ग्रंथ सोडून स्वयंपाकाची, बागकामाची, किड्यामुंग्यांची पुस्तकं घ्यायची. मला वाटतं, सगळ्या मानवजातीला एकदम वाचवायला निघालेली ही बाई इथं हळूहळू एकेका गोष्टीकडे बघायला शिकली.

ती मांजराची कविता त्यातलीच. कोर्नेल फिलिपोविच हा लेखक तिचा वीसेक वर्षांचा जोडीदार. दोघं एका घरात कधीच राहिले नाहीत. १९९०मध्ये तो गेला. तिनं दुःख स्वतःच्या तोंडून सांगितलं नाही, रिकाम्या घरात वाट बघणाऱ्या त्याच्या मांजराकडे सोपवलं. माझे काका गेले तेव्हा त्यांची मनी आठवडाभर दाराशी बसून होती, म्हणून मला ती कविता सहन होत नाही आणि सोडवतही नाही.

१९९६चं नोबेल जाहीर झालं तेव्हा ती झाकोपानेला, डोंगरातल्या लेखकांच्या विश्रामगृहात होती. मित्रमंडळी त्या प्रसंगाला ‘नोबेलची शोकांतिका’ म्हणत, कारण नंतर फोन थांबेना. मिखाउ रुसिनेक हा तरुण सचिव म्हणून आला, कात्री मागितली आणि फोनची वायर कापून टाकली. बाई खूश!

आणि मग स्टॉकहोमचं भाषण. छोटंसंच. त्यात तिनं दोन साध्या शब्दांची बाजू घेतली: ‘माहीत नाही.’ मारी क्यूरी स्वतःला असं म्हणाली नसती, तर मुलींच्या खासगी शाळेत रसायनशास्त्र शिकवत राहिली असती, असं तिचं म्हणणं. आणि हुकूमशहा, धर्मांध यांना मात्र सगळं माहीत असतं, आणि तेवढं त्यांना पुरतं. श्रोते टाळ्या वाजवत होते. मी ते भाषण वाचताना १९५३चा तो कागद बाजूला ठेवते. तेव्हा तिलाही सगळं माहीत होतं. भाषणात त्याचा उल्लेख नाही. असायला हवा होता का? मी अजून ठरवू शकलेले नाही.

आयुष्यभरात कविता साडेतीनशेच्या आसपास. इतक्या कमी का, यावर तिचं उत्तर असायचं की घरात केराची टोपली आहे. १ फेब्रुवारी २०१२ला ती झोपेत गेली. मृत्युपत्रात संस्था काढायला सांगितली होती. ती संस्था २०१३पासून कवितेचं मोठं पारितोषिक देते, आणि अडचणीतल्या लेखकांना मदतही करते.

अंत्यसंस्कार धार्मिक नव्हते. बर्फ पडत होतं, तिच्या आवडत्या एला फिट्झजेराल्डचा आवाज लावला होता. क्राकुफच्या सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते. त्या दिवशी तुतारीवाल्यानं तिच्या एका कवितेच्या गाण्याची चाल वाजवली. हो, चर्चच्या मनोऱ्यावरूनच.

पत्र लिहिणाऱ्या काकांनो, ऐकलंत तर परत लिहा. भेटू पुढच्या भागात.