करवतीचे मशीन: वाढवावे की नवे घ्यावे?



गेल्या आठवड्यात आपल्या रात्रीच्या वर्गातले दोघे भाऊ माझ्याकडे आले. दोघे मिळून लाकूडतोडीची कामे घेतात. त्यांच्याजवळ पेट्रोलवर चालणारे करवतीचे छोटे मशीन आहे. कोणी त्याला कटर म्हणतात, कोणी चेनसॉ म्हणतात. थोरला म्हणाला, "काका, मशीन कमी पडतंय. बाजारातला मिस्त्री म्हणतो, ह्याचीच ताकद वाढवून देतो. दुकानदार म्हणतो, हे मोडीत काढा नि मोठं घ्या. आम्ही काय करावं?"

प्रश्न त्या दोघांचा खरा, पण तो पुष्कळांना पडतो. म्हणून तो आज सर्वांपुढे मांडतो.

आपल्याला आठवत असेल, 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ आले. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली ह्या भागांत बागाच्या बागा आडव्या झाल्या. आंबे पडले, फणस पडले, नारळी-पोफळी पडल्या. वाटा बंद झाल्या. हाताच्या करवतीने ते काम आटोपेना. आमच्या वाडीत पहिले मशीन तेव्हा आले. त्यावर आज चार घरे पोट भरतात. तेव्हा हा प्रश्न हौसेचा नाही, पोटाचा आहे.

मी काही इंजिनीअर नव्हे. मशीन चालवता चालवता दुरुस्ती शिकलो. पण दोन चुका मी जवळून पाहिल्या आहेत. एक माझ्या पुतण्याची आणि एक माझी स्वतःची. त्या आधी ऐका.

पुतण्याजवळ छोटे मशीन होते. फांद्या तोडायला ते उत्तम. पण त्याने जुन्या आंब्याच्या खोडांचे काम घेतले. मशीन अडू लागले. मग एका मिस्त्रीने सायलेन्सर उघडून त्याचे भोक मोठे केले. आतली जाळी काढून टाकली. वर लांब पट्टी आणि लांब चेन चढवली. मशीन वाघासारखे गर्जू लागले. पोरगा खूश! चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी भर दुपारी मशीन जागच्या जागी जाम झाले. उघडून पाहिले, तर पिस्टनवर उभ्या रेघाच रेघा. पिस्टन गेला, सिलिंडर गेला. अर्ध्या मशीनची किंमत दुरुस्तीत गेली. आठ दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला!

असे का झाले? नीट समजून घ्या.

ह्या मशीनच्या इंजिनाला मोटारीसारखी ऑइलची वेगळी टाकी नसते. इंजिनाचे ऑइल पेट्रोलातच मिसळावे लागते. कोणत्या मशीनला 1 लिटर पेट्रोलात 20 मिलिलिटर ऑइल लागते, कोणाला 40. ते मशीनच्या पुस्तिकेत छापलेले असते. सायलेन्सर मोकळा केला, की धूर लवकर बाहेर पडतो आणि जोर थोडा वाढतो, हे खरे. पण त्याबरोबर हवा जास्त आणि पेट्रोल कमी असे होऊ लागते. पेट्रोल कमी गेले, की त्यातले ऑइलही कमी गेले. इंजिन तापते, कोरडे घासते आणि जाम होते. कार्बोरेटर पुन्हा नीट लावला, तर हे टळू शकते. पण ते जाणत्याचे काम आहे. नुसता कान लावून ते जमत नाही.

आणखी एक. त्या जाळीला आपण कचरा समजतो. पण ती ठिणग्या अडवते. वाळलेल्या गवतात बिनजाळीचे मशीन चालवणे म्हणजे आगीशी खेळ आहे. शिवाय अशी मोडतोड केल्यावर कंपनी हमी पाळत नाही.

आता माझी चूक.

पुतण्याचे पाहून मी शहाणा झालो, असे मला वाटले. मी म्हटले, आपण सरळ मोठेच घ्यावे. कर्ज काढले आणि सर्वांत मोठे मशीन आणले. पण माझे काम होते काजूच्या आणि आंब्याच्या फांद्यांचे! छोटे मशीन पट्टी-चेन सोडून साधारण 4 किलो भरते. मोठे 6 किलोंच्या पुढे जाते. दोन किलो म्हणजे काय मोठेसे, असे आपल्याला वाटते. पण दिवसभर ते हातांत धरून पाहा. चौथ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी माझे हात भरून आले होते. पट्टीचे टोक दुसऱ्या फांदीला लागले आणि मशीन मागे उसळले. चेन माझ्या डाव्या मांडीवर आली. जखमेची खूण अजून आहे. दोन महिने मी घरी बसलो. कर्जाचा हप्ता मात्र घरी बसला नाही.

मशीन पूर्ण वेगात असते, तेव्हा चेन एका सेकंदाला साधारण 20 मीटर धावते. म्हणजे तासाला 72 किलोमीटर. एस.टी.च्या वेगाने धावणारे हे दात आहेत! पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, की मशीन तोंडाकडे उसळते. दमलेल्या हाताला ते आवरत नाही.

तर मंडळी, पुतण्याने छोट्याला मोठे करायला पाहिले आणि मी गरज नसताना मोठे आणले. दोघेही फसलो. कारण एक गोष्ट आम्ही दोघांनीही आधी पाहिली नव्हती. ती म्हणजे चेनची धार.

पुतण्याचे मशीन दुरुस्त करताना मी त्याची जुनी चेन हातात घेतली. दात बोथट झाले होते. जमिनीवर पडलेली खोडे कापताना चेन मातीत घुसली होती. मशीनला ताकद कमी नव्हती. धार नव्हती.

ह्यावरून एक खरी गोष्ट सांगतो. अमेरिकेत ऑरेगॉन नावाचे राज्य आहे. तिथे जंगले फार. तिथे जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. त्या काळच्या चेनींची धार लवकर जाई. 1946 साली एकदा लाकूड फोडताना त्याला एक अळी दिसली. ती लाकूड खात खात पुढे जात होती. कॉक्सने निरखून पाहिले. अळी तोंड डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवीत लाकूड कुरतडत होती. त्यावरून त्याने नव्या तऱ्हेची चेन केली. तिचा एक दात डावीकडे वळलेला, एक उजवीकडे. 1947 साली त्याने ती विकायला काढली. आजच्या बहुतेक चेनी त्याच वळणाच्या आहेत. त्याने इंजिनाला हात लावला नाही. त्याने दात सुधारला.

आता धार गेली हे कसे ओळखावे? खाली पडणारा भुसा पाहा. चेन धारदार असली, तर जाडसर ढलप्या पडतात. धार गेली, तर पिठासारखी भुकटी पडते. धारदार चेन आपणहून लाकडात उतरते. बोथट चेनला दाबावे लागते. पट्टी तापते, धूर येतो, आणि पेट्रोल फुकट जळते.

धार लावायला गोल कानस लागते. ती चेनच्या मापाची घ्यावी. मशीन बंद करावे, हातमोजे घालावे. कानस एकाच दिशेने, आतून बाहेर चालवावी. आधी एका बाजूचे सर्व दात, मग दुसऱ्या बाजूचे. प्रत्येक दाताला हात सारखेच मारावे. दातापुढे एक बुटका उंचवटा असतो. दाताने किती खोल चावावे, ते हा उंचवटा ठरवतो. बहुतेक चेनींत तो दातापेक्षा साधारण 0.65 मिलिमीटर खाली असतो. काही जण जास्त कापावे म्हणून तो भरमसाट घासतात. तसे करू नका. मग दात लाकडात अडकतो आणि मशीन उसळते.

पट्टीच्या ऑइलची टाकी प्रत्येक पेट्रोलबरोबर भरा. गाडीचे जळके ऑइल तिथे ओतू नका. त्यात धातूचा बारीक कीस असतो. तो पट्टी खातो.

एवढे करूनही मशीन कमी पडले तर? तर मोठे मशीन घ्यावे. ह्यात माझा काही आडपडदा नाही. साधारण 30 सीसीच्या मशीनची ताकद 2 अश्वशक्तीच्या आसपास असते. 70 सीसीच्या मशीनची 5 अश्वशक्तीच्या आसपास असते. सायलेन्सर कोरून 2 चे 5 होत नाहीत. पावशेराच्या भांड्यात शेर मावत नाही. ज्याला रोज दोन-अडीच फुटी खोडे कापायची आहेत, त्याने छोटे मशीन छळू नये.

पण "रोज" म्हणजे किती दिवस? इथेच आपण अंदाजाने बोलतो आणि फसतो.

मंडळी, आपण आता लिहायला शिकलात. मग त्याचा उपयोग करा. एक वही घाला. रोज संध्याकाळी चार गोष्टी लिहा. तारीख, लाकडाची जाडी, जळलेले पेट्रोल, मिळालेली मजुरी. धार लावली, तर तेही लिहा. दोन महिन्यांनी वही उघडा. साठ दिवसांत जाड खोडे पाचच दिवस आली असली, तर त्या पाच दिवसांपुरते मोठे मशीन भाड्याने आणा, किंवा दोन टोळ्यांत मिळून एक घ्या. जाड खोडे तीस दिवस आली असली, तर हप्ता कसा फिटेल ते त्याच वहीत मांडा आणि मग दुकानाची पायरी चढा. अंथरूण पाहून पाय पसरावे. पण अंथरूण किती लांब आहे, ते आधी मोजावे.

पुतण्याने शेवटी हेच केले. एक हंगाम वही ठेवली. मग मधल्या ताकदीचे मशीन घेतले. फांद्यांना जुने, खोडांना नवे. मीही माझे मोठे मशीन विकले. तोटा झाला, पण हात सुटले.

त्या दोघा भावांची चेन मी पाहिली. पिठासारखा भुसा पाडीत होती! आम्ही ओट्यावर बसून तिला धार लावली. परवा धाकटा म्हणाला, "काका, मशीन चालतंय. पण मोठं कधी घ्यायचं?"

मी म्हटले, "वही आण. मग सांगतो."

आपणही आपल्या वह्या आणा. पुढच्या वेळी त्या मांडून बसू. मशीन मोठे असो की छोटे, हेल्मेट आणि बूट घाला, कानांना बोळे लावा, आणि एकट्याने झाड तोडायला जाऊ नका. घरी आपली वाट पाहणारी माणसे आहेत.

राम राम.