आयटीआयनंतरची पहिली दोन वर्षे

व्यवसाय शिक्षण घेतलेल्या तरुणाचा कस प्रमाणपत्र मिळाल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत लागतो. फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन, डिझेल मेकॅनिक, व्यवसाय कोणताही असो; कार्यशाळेत ज्या यंत्रावर हात बसला तेच यंत्र कारखान्यात भेटेल असे नाही. पहिली नोकरी शिकलेल्या कामाची असेल आणि ती टिकेल, याचीही हमी नसते. अशा स्थितीत पुढचे पाहून स्वतःला नव्या कामाशी जुळवून घेण्याच्या तयारीला करिअरविषयक अनुकूलनक्षमता म्हणतात.

या कल्पनेला इतिहास आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड सुपर यांनी आधी मांडली ती करिअरविषयक परिपक्वतेची कल्पना. ठरावीक वयात मुलाने ठरावीक निर्णय घ्यावेत, ही तिची अपेक्षा. प्रौढांना हे माप बसेना, कारण चाळिशीत नोकरी बदलावी लागलेल्या माणसाला अपरिपक्व म्हणण्यात काही अर्थ नव्हता. म्हणून १९८१ साली सुपर आणि नॅसेल यांनी प्रौढांसाठी अनुकूलनक्षमतेची कल्पना पुढे केली. १९९७ मध्ये मार्क सॅविकस यांनी ती सर्व वयांना लागू केली आणि पुढे तिची चार अंगे सांगितली: पुढच्या दिवसांची फिकीर, निर्णय स्वतःच्या हाती ठेवणे, चौकसपणा आणि आत्मविश्वास. २०१२ साली तेरा देशांतील अभ्यासकांच्या सहकार्याने चोवीस विधानांची मापनश्रेणी तयार झाली. त्या तेरा देशांत भारत नव्हता. मात्र या मापनश्रेणीची मोठी उणीव वेगळी आहे. ती माणूस मोजते, त्याच्या हातातला नेमणुकीचा कागद मोजत नाही.

महाराष्ट्राला जवळचे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकताना त्यांना काही रंगांतला फरक दिसत नसल्याचे लक्षात आले. त्यांनी रंग सोडले, रेखाटन धरून ठेवले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटनाकडे वळले. तिथेच शिक्षकी केली. बढतीत डावलले गेल्यावर ती नोकरी सोडली. बेळगावात सायकलींचे दुकान, कडबा कापण्याची यंत्रे, लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे सुरुवातीला नांगराला गिऱ्हाईकच मिळेना. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी जमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. ही कथा जिद्दीची म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच, पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी नसते आणि औंधची जमीन मिळाली नसती, तर नुसत्या जिद्दीचे काय झाले असते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

आजच्या प्रशिक्षणार्थ्याच्या पाठीशी काय आहे, ते पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. केंद्र सरकारची शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० सालची. महाराष्ट्रात आज चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, खासगी वेगळ्या. या शिक्षणावर नेहमीची टीका असते ती जुनाट यंत्रांची. टीका खरी आहे, पण अर्धीच. यंत्र नवे असले तरी तेही काही वर्षांनी जुने होणारच. एप्रिल २०२० मध्ये वाहनांच्या प्रदूषणाची बीएस-६ मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या दुचाकींत कार्ब्युरेटरच्या जागी इंधन इंजेक्शन आले. ज्याला फक्त कार्ब्युरेटर खोलून साफ करता येत होता, तो मेकॅनिक अडला. इंजिनाला हवा आणि इंधन किती लागते व का, हे ज्याला उमगले होते तो स्कॅनर घेऊन पुढे गेला. टर्नरचेही तेच. लेथवरून संगणकचालित सीएनसी यंत्रावर जाताना मायक्रोमीटर, ड्रॉइंग वाचणे, टॉलरन्सची समज आणि धातू कसा कापला जातो याचे ज्ञान बरोबर येते. यंत्राची बटणे शिकायला त्या मानाने थोडा वेळ पुरतो. म्हणजे व्हाइसला जॉब लावून तासन्‌तास फाइल मारायला लावणारे निदेशक वाटतात तितके कालबाह्य नाहीत, फक्त हे कशासाठी, तेही त्यांनी सांगायला हवे.

कारखान्याच्या गेटच्या आत प्रश्न बदलतो. पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज किंवा सातपूरच्या पट्ट्यात आयटीआय झालेल्या मुलाला पहिली नोकरी बहुधा ट्रेनी, टेम्पररी किंवा कंत्राटी म्हणून मिळते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षभरात २४० दिवस काम भरले की सलग सेवा मानली जाई आणि कामगाराला कपातीविरुद्ध काही संरक्षण मिळे. त्यामुळे साधारण सात महिने झाले की ‘ब्रेक’ देण्याची रीत रुळली. मुलगा पुढच्या कंपनीत जातो, पुन्हा ट्रेनी होतो. दोन वर्षांत तीन कंपन्या पाहिलेला हा मुलगा वरवर पाहता मोठा जुळवून घेणारा वाटतो. प्रत्यक्षात तिन्ही ठिकाणी त्याने लाइनवर एकच काम केलेले असते, पार्ट लावणे आणि काढणे. फिटरचे हात असे दोन वर्षांत विसरायला लागतात. नोकऱ्या बदलत राहणे आणि अनुकूलनक्षमता या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची सक्ती दुसरीला मारतेही.

याला उतारा म्हणून उमेदवारीची व्यवस्था आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार, सध्याच्या नियमांप्रमाणे, तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चांगल्या कारखान्यात उमेदवार टूल रूम, देखभाल, तपासणी अशा विभागांतून फिरतो. कुठे बिघाड होतो, तो कोण आणि कसा काढतो, हे पाहतो. चौकसपणा आणि आत्मविश्वास इथे वाढतो, व्याख्यानांतून नव्हे. जिथे उमेदवार म्हणजे स्वस्तातला हात एवढाच हिशेब असतो, तिथे कायदा पाळूनही हेतू बुडतो.

पुढे शिकण्याचा रस्ता कागदावर आहे. आयटीआयनंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पण तिथे पोचलेला मुलगा गणितात अडखळतो, कारण पहिल्या वर्षाचे गणित त्याने केलेलेच नसते. मुलींची अडचण याहून आधी सुरू होते. आयटीआयत त्यांना तीस टक्के राखीव जागा आहेत, तरी कल शिवणकाम आणि संगणकाकडे राहतो. कारखान्यातली रात्रपाळी, शेवटची बस आणि परगावी राहण्याची सोय यांचा हिशेब घरात झालेला असतो.

संस्थांच्या हाती असलेली सर्वांत साधी गोष्ट नोंदीची आहे. रुजू झालेल्यांचा आकडा प्लेसमेंटच्या फलकावर लागतो; आठव्या महिन्यात ब्रेक मिळालेल्यांचा कुठेच लागत नाही. रुजू झाल्याला एक वर्ष झाल्यावर आणि पुन्हा दोन वर्षांनी प्रत्येक माजी प्रशिक्षणार्थ्याला निदेशकाने फोन करावा: काम कोणते, यंत्र कोणते, पगार किती, शिकलेल्यातले काय वापरात आहे. यासाठी निदेशकाच्या वेळापत्रकात तास राखून ठेवावे लागतील, आणि ते प्राचार्यांच्या पातळीवर ठरू शकते.