खोटा काटा



हेलिकॉप्टरच्या वैमानिकासमोर उंची दाखविणाऱ्या दोन तबकड्या असू शकतात. पहिली हवेच्या दाबावर चालते. ती समुद्रसपाटीपासूनची उंची सांगते. खाली टेकडी आहे की दरी, हे तिला ठाऊक नसते. दुसरी रेडिओलहरींवर चालते आणि थेट खालच्या जमिनीचे अंतर सांगते. रात्री किंवा धुळीच्या लोटात उतरताना वैमानिकाची भिस्त या दुसरीवर असते. अमेरिकेत भाड्याने प्रवासी नेणाऱ्या हेलिकॉप्टरांवर २०१७ सालापासून हे यंत्र सक्तीचे झाले. अगदी लहान हेलिकॉप्टरांना तेवढी सवलत मिळू शकते.

याची रचना अशी. हेलिकॉप्टरच्या पोटाखाली दोन एरियल असतात. एक लहरी खाली सोडते, दुसरी जमिनीवरून परतलेल्या लहरी झेलते. सोडलेल्या लहरींची कंपनसंख्या ४,२०० ते ४,४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सतत बदलत असते. लहर परत येईपर्यंत वरची कंपनसंख्या पुढे सरकलेली असते. या दोहोंतील फरकावरून यंत्र उंची काढते. एक फूट जाण्यास लहरीला सेकंदाचा सुमारे एक अब्जांश भाग पुरतो. यावरून हे काम किती नाजूक आहे, याची कल्पना यावी.

काटा चुकू लागला की पेटी काढून नवी बसवावी, असे कोणालाही वाटेल. परंतु दोष पुष्कळदा पेटीत नसून वाटेत असतो. एरियलच्या कडेचा लेप फाटतो, पाणी झिरपते, केबलचा जोड गंजतो. एरियलवर कोणी रंगाचा हात फिरविला, तरी लहरींच्या वाटेत अडथळा येतो. नवी पेटीही मग जुनेच खोटे बोलते. केबल उगाच लांब दिसते म्हणून ती छाटूनही चालत नाही. कारण तिच्या लांबीचा हिशेब यंत्रात धरलेला असतो, आणि लांबी बदलली की काटा चुकतो. चाचणीचे बटन दाबून समाधान मानावे, तर अनेक यंत्रांत ते बटन पेटीची परीक्षा घेते, एरियलची नव्हे. म्हणून जाणता कारागीर आधी एरियल, जोड आणि केबल तपासतो, नवी पेटी बसविल्यावर जमिनीवर काटा शून्यावर येतो का ते पाहतो, आणि मगच कागदावर सही करतो.

एवढी काळजी कशासाठी? २५ फेब्रुवारी २००९ रोजी ॲमस्टरडॅमजवळ एक तुर्की प्रवासी विमान उतरत होते. ते सुमारे १,९५० फुटांवर असताना त्याच्या डाव्या रेडिओ उंचीमापकाने उणे ८ फूट दाखविले. विमान टेकतच आहे असे समजून स्वयंचलित यंत्रणेने इंजिनांचा जोर उतरविला. वैमानिकांच्या ध्यानी ही गोष्ट वेळीच आली नाही. नऊ माणसे प्राणास मुकली. आधीच्या आठ उतरण्यांत दोनदा हाच दोष दिसला होता.

ते हेलिकॉप्टर नव्हते, हे खरे. परंतु यंत्राची जात एकच. बंद पडलेल्या यंत्रावर कोणी विसंबत नाही. चुकीचे सांगणाऱ्या यंत्रावर मात्र माणूस विश्वास ठेवतो. म्हणून एकदा दिसलेला दोष पुढच्या फेरीत आपोआप नाहीसा झाला, तरी तो दुरुस्त झाला असे मानू नये. त्याचे कारण सापडेपर्यंत काम अपुरेच समजावे.