पाचवी आणि सातवी



डॉक्टरांच्या सभेत अध्यक्षाने वैद्यकाच्या भवितव्यावर बोलावं असा रिवाज आहे. मी फक्त दोन नसांवर बोलणार आहे. मेंदूपासून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी पाचवी, म्हणजे ट्रायजेमिनल, आणि सातवी, म्हणजे फेशियल. चेहऱ्याला काय जाणवतं ते पाचवी सांगते आणि जबडाही तीच चालवते. चेहऱ्यावर काय उमटतं ते सातवीच्या हाती.

हे आज पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चेहऱ्यातल्या असह्य कळांसाठी युरोपातले सर्जन सातवी नस कापत. कळा तशाच राहत, वर चेहरा लुळा पडे. चार्ल्स बेल यांनी 1821 मध्ये रॉयल सोसायटीपुढे या दोन नसांची कामं वेगळी असल्याचं मांडलं. त्यांनीही पाचवीच्या गालावरच्या शाखेला ओठ हलवण्याचं काम देऊन टाकलं होतं. पुढच्याच वर्षी हर्बर्ट मेयो यांनी प्रयोगांनी ते खोडून काढलं.

कापाकापी थांबली, गफलत थांबली नाही. दात घासताना, दाढी करताना, गार वारा लागताच विजेच्या झटक्यासारखी काही सेकंदांची कळ येते आणि जाते. रोगी दाढेकडे बोट दाखवतो आणि चांगली दाढ उपटली जाते. दुखणं बहुतेक वेळा कवटीच्या आत असतं : नसेच्या मुळाशी रक्तवाहिनी घासत असते. कार्बामाझेपिनने बहुतेकांना आराम पडतो. म्हणून दाढ काढण्याआधी कळ किती वेळ टिकते आणि कशाने उठते, एवढं विचारा.

आता सातवी. कानामागच्या हाडातून सुमारे तीन सेंटिमीटरचा अरुंद बोगदा पार करून ती बाहेर पडते. आत सूज आली तर फुगायला जागाच नाही. ‘एसटीच्या खिडकीत बसलो, वारं लागलं, तोंड वाकडं झालं’ असं म्हणत माणूस येतो. घरच्यांना लकव्याची धास्ती असते. त्याला भुवया उचलायला सांगा. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळते. तोंड वाकडं असूनही दोन्हीकडे आठ्या पडल्या तर मेंदूतला झटका समजून लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवा. अर्धं कपाळही सपाट राहिलं तर बिघाड बहुधा नसेतच आहे. तरीही हातपाय, बोलणं, चाल बघा आणि कानात फोड आहेत का तेही पाहा. दुसरं कारण न सापडता सातवी लुळी पडते त्या बेलच्या पक्षाघातात पहिल्या 72 तासांतलं प्रेडनिसोलोन मोलाचं. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधल्या चाचणीत ते घेणाऱ्यांपैकी 94 टक्के नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. न घेणाऱ्यांत हे प्रमाण 82 टक्के होतं. आणि मिटत नसलेला डोळा जपा : दिवसा थेंब, रात्री मलम आणि पट्टी.

दोन्ही नसा एकदम दगा देतात ते कुष्ठरोगात. विदर्भातल्या मित्रांना हे सांगायला नको. सातवीची शाखा गेली की पापणी मिटत नाही. पाचवीची गेली की बुबुळ बधिर होतं. कचरा जातो, खुपत नाही, जखम चिघळते आणि नजर जाते. डोळा दुखत नाही, म्हणून रोगी तक्रारच करत नाही. तिथे आपणच शोधायला हवं.

म्हणून अध्यक्ष या नात्याने एकच सूचना मांडतो. चेहऱ्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या केसपेपरवर चार नोंदी असाव्यात : भुवया उचलल्या का, डोळे घट्ट मिटले का, दात दाखवताना तोंड कुठे ओढलं गेलं, आणि कपाळ, गाल, हनुवटीवर कापसाचा स्पर्श कळला का. दोन मिनिटं आणि कापसाचा बोळा, एवढंच लागतं. ही सूचना आपण ठराव म्हणून मंजूर करावी आणि उद्याच्या ओपीडीपासून अमलात आणावी, ही विनंती.