बिनतारी धंदा, नोकरी आणि घर



गिरणीला टाळें लागलें म्हणजे तें साऱ्या गांवाला दिसतें. भोंगा वाजत नाहीं, धुराडें थंड पडतें, फाटकापुढें माणसांचा जमाव उभा राहतो. टेलिफोनच्या कचेरींतून मात्र निम्मीं माणसें एका दिवशीं उठून गेलीं तरी गांवाला त्याचा पत्ता लागेलच असें नाहीं. यंत्र चालूच असतें आणि घंटा वाजतच असते. ३१ जानेवारी २०२० रोजीं भारत संचार निगमाच्या ७८,५६९ नोकरांनीं एकाच दिवशीं स्वेच्छानिवृत्ति घेतली. मुंबई व दिल्ली येथील महानगर टेलिफोन निगमांतूनहि त्याच दिवशीं चौदा हजारांहून अधिक माणसें बाहेर पडलीं. एवढी मोठी घटना झाली, परंतु गांवोगांव तिची चर्चा फारशी झाली नाहीं. ह्या धंद्यांतील नोकरकपातीचा लहान गांवच्या रोजगारावर आणि घरांवर कसा परिणाम होतो, ह्याचा आज थोडा विचार करूं. आणि तो मोघम होऊं नये म्हणून जालना जिल्हा डोळ्यांपुढें ठेवूं.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं अस्तित्वांत आला. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्याचा भाग आणि परभणी जिल्ह्यांतील परतूर मिळून तो बनला. कुंडलिकेच्या कांठचें जालना शहर व्यापाराचें जुनें ठिकाण आहे. भंगार वितळवून सळ्या काढणाऱ्या भट्ट्या आणि बियाण्यांचा धंदा ह्यांनीं त्याचें नांव देशभर नेलें. परंतु शहराबाहेर पडलें कीं अंबड, भोकरदन, मंठा, घनसावंगी ह्या बाजूंस बहुतेक शेती पावसावर अवलंबून आहे. २०१२–१३ च्या दुष्काळांत येथील मोसंबीच्या बागा वाळल्या, आणि वर्षानुवर्षें जोपासलेलीं झाडें शेतकऱ्यांना स्वतःच्या हातानें तोडावीं लागलीं. अशा मुलखांत महिन्याचा पगार हा दुसरा पाऊसच म्हणावा लागेल. घरांतील एक मुलगा कोठें तरी नोकरीस असला म्हणजे शेताचें बियाणें, बहिणीचें लग्न, म्हाताऱ्यांचें औषध आणि धाकट्यांच्या शिक्षणासाठीं शहरांत घेतलेली भाड्याची खोली, इतका सगळा भार त्या एका पगारावर असतो.

टेलिफोनचें खातें असा पगार देणारें होतें. १९८४ सालीं ‘सी-डॉट’ ही संस्था स्थापन झाली. तिनें १२८ जोडण्यांचें एक लहान केंद्र तयार केलें. धुळींत व उन्हांत चालणारें, थंड हवेची खोली न मागणारें. १९८६ मध्यें कर्नाटकांतील कित्तूर येथें त्याचा आरंभ झाला, आणि पुढें अशीं केंद्रें देशाच्या खेड्यापाड्यांत पोंचलीं. केंद्र आलें म्हणजे तें सांभाळणारा आला, खांबावर चढून तार जोडणारा लाइनमन आला, बिलें लिहिणारा कारकून आला. चौकाचौकांत पिवळ्या पाटीचीं टेलिफोन-घरें उघडलीं. त्यांतील कित्येक अपंग माणसांना देण्यांत आलीं, आणि त्यावर त्यांचे संसार चालले. १ ऑक्टोबर २००० रोजीं सरकारी खात्याचें निगमांत रूपांतर झालें, तरी ह्या नोकऱ्यांची प्रतिष्ठा कायम राहिली.

मग तारेची जागा बिनतारी यंत्रानें घेतली. हा फरक नीट समजून घेतला पाहिजे. तांब्याची तार तुटते, भिजते, चोरीस जाते. म्हणून जितकीं घरें अधिक तितके लाइनमन अधिक. टॉवर मात्र एकदां उभा राहिला कीं साऱ्या गांवाला पुरतो, आणि त्यांतील बिघाड दूरच्या शहरांत बसलेल्या माणसास पडद्यावर दिसतो. गिऱ्हाईक दुप्पट झालें तरी माणसें दुप्पट लागत नाहींत.

आरंभीं हें कोणास जाणवलें नाहीं, कारण खाजगी कंपन्या अनेक होत्या. प्रत्येकीचा वितरक निराळा, दुकान निराळें, छत्रीखालीं बसून सिमकार्ड विकणारा तरुण निराळा. २ फेब्रुवारी २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें १२२ परवाने रद्द केले, तेव्हां ही गर्दी ओसरूं लागली. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओची सेवा सुरू झाली आणि दर इतके उतरले कीं जुन्या कंपन्यांचा टिकाव लागेना. कांहीं बुडाल्या, कांहीं विकल्या गेल्या. ३१ ऑगस्ट २०१८ रोजीं व्होडाफोन व आयडिया एक झाल्या. दोन कंपन्या एक होतात तेव्हां मोठ्या शहरांत दोन मुख्य कचेऱ्यांची एक होते. तालुक्याच्या गांवीं दोन दुकानांचें एक होतें. शिवाय रिचार्ज गिऱ्हाईक स्वतःच्याच मोबाईलवर करूं लागलें. दुकानदार, वसुलीदार, टॉवरचा राखणदार, डिझेल भरणारा ह्यांच्यापैकीं कोण केव्हां घरीं गेला, ह्याची नोंद कोणत्याच वहींत झाली नाहीं.

आतां २०२० च्या स्वेच्छानिवृत्तीकडे वळूं. पन्नास वर्षें पूर्ण झालेल्यांस ती घेतां येत होती. झालेल्या नोकरीच्या प्रत्येक वर्षास ३५ दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षास २५ दिवसांचा पगार, असा सानुग्रह रकमेचा हिशेब होता, निवृत्तिवेतन निराळें. ही व्यवस्था कांहीं निर्दयपणाची म्हणतां येणार नाहीं. परंतु त्याच कचेरींत, त्याच खांबावर चढणारा दुसराहि एक माणूस होता. तो कंत्राटदाराचा. २०१९ सालीं निगमाच्या कायम नोकरांचाहि पगार लांबला, आणि कंत्राटी माणसांचे पैसे तर कित्येक महिने थकले. त्यांना स्वेच्छा नव्हती आणि निवृत्तिहि नव्हती. काम संपलें एवढेंच त्यांस सांगण्यांत आलें.

ह्या दोघांचीं घरें पाहिलीं म्हणजे नोकरकपातीचें खरें स्वरूप कळतें. कायम नोकरास एकरकमी पैसा मिळतो. तो बँकेचें कर्ज फेडतो, मजला चढवितो किंवा एखादा प्लॉट घेतो. अशा वेळीं गांवांत बांधकाम वाढल्यासारखें दिसतें, आणि भरभराट आली असा भास होतो. पण ती पुढील दहा वर्षांची मिळकत एका वर्षांत विटा-सिमेंटांत गेलेली असते. त्याची जागा नव्या माणसानें भरली जात नाहीं. म्हणजे पंचविशींतील ज्या तरुणानें त्या पगारावर खोली घेतली असती, संसार मांडला असता, तो गांवांत येतच नाहीं.

कंत्राटी माणसाची गोष्ट उलट आहे. बँक घरावर कर्ज देते असें आपण म्हणतों, परंतु ती पाहते पगाराचा दाखला. आणि तो त्याच्यापाशीं नसतो. म्हणून तो भाड्यानें राहतो. काम सुटतांच दोन महिने भाडें थकतें, तिसऱ्या महिन्यांत बिऱ्हाड हलतें, मुलांची शाळा तुटते आणि कुटुंब गांवच्या शेतावर परततें. तेथें तर आधींच हात अधिक आणि पाणी कमी. ह्या भाड्यावर जगणारें दुसरेंहि एक घर असतें. जिल्ह्याच्या गांवचे घरमालक कांहीं श्रीमंत नसतात. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी विधवा बाई, दोन खोल्या मागें बांधून त्यांच्या भाड्यावर औषधपाणी भागवीत असते. एक पगार थांबला कीं अशी दोन-तीन घरें त्याबरोबर खालीं बसतात.

परदेशांतहि हें घडलें आहे. जर्मनींतील बोखुम येथील नोकियाचा कारखाना २००८ सालीं बंद झाला व सुमारें २,३०० माणसांचें काम गेलें. तें काम रुमानियांत गेलें, आणि तेथील कारखानाहि २०११ सालीं बंद पडला. फिनलंडमधील सालो गांवावर २०१२ सालीं तीच पाळी आली. आपल्याकडे तमिळनाडूंतील श्रीपेरुंबुदूरचा कारखाना १ नोव्हेंबर २०१४ पासून थांबला. बोखुम व सालो येथील कामगारांस नवें शिक्षण घेण्यासाठीं युरोपीय संघाच्या निधींतून साहाय्य मिळालें. मिळालें, कारण एका फाटकांतून बाहेर पडलेलीं माणसें मोजतां आलीं. आपल्या जिल्ह्यांतील माणसें शंभर गांवांतून एकएक करून गेलीं. तीं मोजलींच गेलीं नाहींत.

दुसरी बाजूहि न्यायानें पाहिली पाहिजे. निगमाच्या उत्पन्नाचे सुमारें तीन चतुर्थांश पगारांतच जात होते. असा कारभार फार दिवस चालणें शक्य नव्हतें. स्वस्त मोबाईलमुळें परतूरच्या शेतकऱ्यास कापसाचा भाव घरबसल्या कळतो, हाहि लाभ थोडा नाहीं. यंत्र परत पाठवा असें कोणी म्हणणार नाहीं. प्रश्न इतकाच कीं, लाभ साऱ्यांचा असतां तोटा एकट्या राखणदारानें आणि त्याच्या घरमालकिणीनें कां सोसावा?

उपाय अवघड नाहींत. पहिला मोजणीचा. जिल्ह्यांत किती टॉवर आहेत हें कंपन्यांस ठाऊक असतें. त्यांवर कंत्राटी माणसें किती, हेंहि जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरींत नोंदलेलें असावें. दुसरा थकलेल्या पगाराचा. कंत्राटदारानें पगार दिला नाहीं तर मूळ मालकानें द्यावा, असें १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानेंच सांगितलें होतें. २०१९ सालीं तो लागूहि होता. उणीव अंमलबजावणीची होती. तिसरा नव्या कायद्याचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या कामगार संहितांनीं प्रत्येक कामगारास नेमणूकपत्र देण्याचें बंधन घातलें आहे, आणि कपात झालेल्यास नवें काम शिकण्यासाठीं पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम ठरविली आहे. पंधरा दिवसांत कोणी नवा धंदा शिकत नाहीं. तरी नेमणूकपत्र हातीं असेल तर निदान हक्क मागतां येईल, आणि बँकेच्या दारांतहि उभें राहतां येईल. चौथा रिकाम्या वसाहतींचा. २०१९ च्या योजनेंत निगमांच्या जमिनी व इमारती विकून पैसा उभारण्याचा विचार होता. जिल्ह्याच्या गांवीं कोणतीहि चाळ लिलांवांत काढण्यापूर्वीं ती शिकणाऱ्या मुलींच्या वसतिगृहास किंवा रुग्णालयाच्या परिचारिकांस भाड्यानें देतां येईल कीं काय, हें आधीं पाहिलें जावें.

२७ सप्टेंबर २०२५ रोजीं भारत संचार निगमाच्या स्वदेशी यंत्रणेचें सुमारें ९७,५०० टॉवरांसह उद्‌घाटन झालें. म्हणजे ह्या धंद्यांत काम पुन्हां निघणार आहे. तें जालन्याच्या तंत्रशाळेंतील मुलास मिळेल, कीं बाहेरच्या कंत्राटदाराच्या फिरत्या टोळीस, आणि मिळालें तर तें दाखल्यासह मिळेल कीं तोंडी, हें आज ठरावयाचें आहे. आपल्या गांवच्या टॉवरची राखण कोण करतो आणि त्याला पगार वेळेवर मिळतो कीं नाहीं, एवढी चौकशी आपल्यापैकीं प्रत्येकानें केली, तरी ह्या मोजणीस आरंभ होईल.