अनुबोधपट आणि आपला समाज
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या समाजाविषयी एक लघु अनुबोधपट तयार करण्याचे मंडळाने योजिले आहे. त्यासंबंधी दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यवाहांनी मला केली. मी पडलो मॅट्रिक झालेला प्राथमिक शिक्षक. चित्रपटकलेत माझी गती नाही. तथापि एक प्रेक्षक आणि एक चुकलेला शिक्षक या नात्याने चार गोष्टी निवेदन करतो.

प्रत्यक्ष जीवनाचे चित्रण आपल्याकडे नवे नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले. पुढे १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. मुख्य चित्रपटापूर्वी दाखविले जाणारे तिचे अनुबोधपट वडीलधाऱ्यांना स्मरत असतील. १९६७ साली त्या संस्थेसाठी एस. एन. एस. शास्त्री यांनी ‘आय ॲम ट्वेन्टी’ हा लघुपट केला. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या, वीस वर्षांच्या तरुणांना त्यांनी देशाविषयी बोलते केले. कोणी आशेने बोलले, कोणी निराशेने. सरकारी संस्थेचा चित्रपट असूनही ती निराशा गाळली गेली नाही, हेच त्याचे मोल.

अलीकडे माझ्या नातीने मला एक अनुबोधपट दाखविला. ‘पीरियड. एंड ऑफ सेंटेन्स.’ हे त्याचे नाव. २०१९ साली त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. उत्तर प्रदेशातील हापूड जिल्ह्याच्या एका खेड्यातील हे चित्रण, लांबी सुमारे २५ मिनिटे. आरंभीच मुलींना मासिक धर्माविषयी विचारतात, तेव्हा त्या लाजेने तोंड लपवितात. पुरुषांना विचारावे, तर एक जण सांगतो की हा स्त्रियांचा काहीतरी आजार असावा! पुढे कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगनाथम यांनी शोधलेले यंत्र त्या गावी येते, स्त्रिया स्वच्छ पॅड तयार करू लागतात आणि स्वतःच दारोदार विकतात. चार पैसे हाती आल्याबरोबर त्यांच्या बोलण्यातला संकोच कसा ओसरतो, ते पाहण्यासारखे आहे.

नातीसमोर हे पाहताना मी प्रथम अवघडलो. नंतर मात्र मान खाली गेली. मी ३४ वर्षे शिकविले. सातवीतील काही मुली दरमहा तीनचार दिवस गैरहजर राहत. मी हजेरीपटावर खूण करी आणि त्या परतल्या की सर्वांदेखत रागे भरे. शाळेत मुलींसाठी दार असलेली मोरी नव्हती, हे मला ठाऊक होते. घरी प्रथम आई व पुढे पत्नी ‘कावळा शिवला’ म्हणून बाजूला बसत, हेही मी पाहत होतो. परंतु या गोष्टींची सांगड मी कधी घातली नाही. त्यांतील एका हुशार मुलीने वार्षिक परीक्षेपूर्वीच शाळा सोडली. दाखल्यावर मी लिहिले, ‘घरगुती कारण’. ती आपल्याच ज्ञातीतील होती. कारण काय, हे मी तिला विचारले नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या चित्रपटाच्या आराखड्यात वसतिगृह आहे, देणगीदार आहेत, गुणवंत विद्यार्थी आहेत. ते अवश्य असावेत. परंतु निदान दहा मिनिटे, ज्यांना आजवर कोणी विचारले नाही त्यांना द्यावीत. हळदीकुंकवाला न बोलाविलेली विधवा, जातीबाहेर विवाह केल्यामुळे आपण ज्याच्या दारी गेलो नाही तो तरुण, आपल्या घरी वर्षानुवर्षे राबूनही ज्यांचा पेला वेगळा ठेवला गेला ती माणसे, ही सर्व स्वमुखाने बोलू द्यावीत. निवेदकाने त्यांच्यावतीने बोलू नये. त्यांची संमती घ्यावी, आणि तयार झालेला चित्रपट प्रथम त्यांनाच दाखवावा.

घरचे उणे चव्हाट्यावर का मांडावे, असे कोणी म्हणेल. झाकून ठेवलेली जखम आतून चिघळते, एवढेच माझे उत्तर. आपली सुधारणा झाली असे आपण दरवर्षी अहवालात छापतो. ती खरोखर कोणापर्यंत पोहोचली, हे त्या दहा मिनिटांत कळेल.

दुसऱ्याला उघडे पडावयास सांगून स्वतः मागे राहणे शिक्षकाला शोभत नाही. म्हणून त्या चित्रपटात पहिली साक्ष माझी घ्यावी, अशी मंडळाला माझी नम्र विनंती आहे.