कोठीचे झाकण आणि पावसाळ्यातील ओल



बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली ज्या जालन्यात महिकोची स्थापना केली, तेथे बियाण्याचे महत्त्व नव्याने सांगण्याचे कारण नाही. सांगायचे आहे ते घरच्या कोठीविषयी. रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावर येते. तिचे बियाणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरले जाते. मधला सारा पावसाळा ते कोठीत काढते.

पत्र्याच्या कोठीत ओल शिरते ती झाकणाच्या कडेने व सांध्यांतून. रिकाम्या कोठीत पेटती विजेरी ठेवून अंधारात पाहिल्यास फट दिसते. चिरलेले रबर वेळीच बदलावे.

मात्र आधी दाणा वाळवावा. प्रमाणीकरणाच्या मानकांनुसार ज्वारीच्या बियाण्यात साध्या पोत्यात १२ टक्के ओलावा चालतो. हवाबंद भांड्यात ८ टक्क्यांहून अधिक चालत नाही. पोत्यातील ओल बाहेर पडू शकते, बंद कोठीत ती कोंडते आणि उगवणशक्ती खालावते. दाताखाली दाणा कट्‌कन फुटणे हा जुना निकष ठीकच. परंतु ८ टक्क्यांची खात्री ओलावामापकानेच होते.

पेरणीपूर्वी शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून दहाव्या दिवशी मोजवून घ्यावेत. पंचाहत्तरहून कमी उगवल्यास ते बियाणे पेरू नये.